उलटी बाजू

कंपनीची बस त्रिमूर्ती चौकात सहा वीसला येते,
थांबते म्हणण्यापेक्षा हळू होते.
पिशवीत डबा, डब्याखाली
पांढरं कापड, चौघडी घातलेलं,
आणि सुई ओढणीच्या काठाला टोचलेली.
सुई अंगावर ठेवू नये, आई म्हणायची.
आई नाही आता. सुई आहे.

सातपूरला दिवसभर मी स्विचचे खटके तपासते.
गेज लावते. ठीक, ठीक, बाद, ठीक.
चहाच्या दहा मिनिटांत एक पाकळी.
जेवणाच्या सुट्टीत, पोळीची गुंडाळी डाव्या हातात धरून,
स्वस्तिकाचा एक पाय.
दुसऱ्या पाळीलाही थांबवून घेतलं तर काहीच नाही,
त्या रात्री मोर बिनमानेचा झोपतो.

पगार साहेब, आडनावच पगार, देणारे ते नव्हेत,
म्हणाले, मॅडम, कुणाचं लग्न? भाचीचं का?
हो म्हटलं.
खोटं बोलताना हात हलला नाही,
टाका सरळ आला.

एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःचा अंतरपाट
स्वतःच भरायला घेतला.
पहिल्या वेळी सगळं आयतं होतं.
मावश्यांनी मांडलेलं रुखवत,
सुपारीचे नवरा-नवरी, खडीसाखरेचं तुळशीवृंदावन,
कापसाचे ससे, आणि टेबलाच्या कडेला पुठ्ठ्यावर
कोणी काय केलं त्याची नावं.
माझं नाव फक्त पत्रिकेत.
तीन वर्षांत सशांना कसर लागली,
मग आम्हालाही.

रविवारी दहीपुलावर रेशीम आणायला गेले.
दुकानदार एकेक लडी उजेडात धरत होता,
हा राणी, हा डाळिंबी,
ताई, नवरीला काय आवडतं?
मी उभीच राहिले. खरंच आठवावं लागलं.
मागून कुणीतरी म्हणालं, अहो बाई, आटपा.
जांभळा घेतला, काळ्या द्राक्षाचा,
खुड्याच्या आधी आठ दिवस असतो ना, तो.

शिरोडे पिंपळगावला द्राक्षाची औषधं विकतात.
साडेनऊला फोन करतात, हंगाम आहे, दोन मिनिटं.
म्हणाले, तयार मिळतो की साडेतीनशेला.
मग गप्प.
मग म्हणाले, पण तुम्ही करा.
केतकी विचारत होती, मोराला डोळा कसला लावणार.

केतकी त्यांची. बारा वर्षांची.
मला अजून काहीच म्हणत नाही,
काकू नाही, मावशी नाही,
नुसतं 'ऐका ना'.
मागच्या आठवड्यात तिनं डोळा पाठवला,
फ्रॉकचं निळं बटण, वहीच्या कागदात,
कागदावर लिहिलेलं: एकच आहे.

मोर दोन.
रात्री कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत विचार केला,
चौथीला भात लागला.
दुसऱ्या मोराचा डोळा मी मिटलेला भरला.

नऊ दिवस उरलेत, त्यात पाच पहिल्या पाळीचे.
काल कापड उलटं करून दिव्याखाली पाहिलं.
गाठी. ओढलेले दोरे. बसमध्ये घातलेले टाके ओळखू येतात,
मायको सर्कलच्या वळणावरचे तर अगदीच.
एका जागी बोटाचं रक्त, धुऊन फिकट झालेलं.
तपासनीस म्हणून सांगते: बाद.
मागून लावायला अस्तर आहे घरात, बेतून ठेवलंय.

लावणार नाही.
माझ्या बाजूला मोर असू देत.
मंगलाष्टकं चालतील तेवढा वेळ
त्यांना गाठी बघू देत,
पहिल्या सावधानपासून शेवटच्या सावधानपर्यंत,
नाकासमोर, दुसरीकडे बघायला जागाच नसते.
मग कापड काढतातच.

दिवा घालवते आता. एक मान राहिलीय.
उद्या, चहाच्या वेळेत.