गोडं पाणी

शफीकच्या जुन्या लुंग्या फाडून
बावीस लंगोट झाले.
तेविसावा जरा तिरका. तोही चालतो.

रूवीतल्या आमच्या इमारतीत
गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी.
खुर्चीच्या पाठीवर टाकते, आतच;
ऊन शोधत येतं,
दहा मिनिटांत पापड करतं त्यांचा.
मग तळहातांनी चोळून मऊ करायचे.

खाली कचरापेटीशी
डायपरची फुगलेली गाठोडी.
ती कुजलेली बघायला
कोण उरणार?

मी मोठ्या तोऱ्यात सांगते शेजारणींना.
फक्त नळ सोडला की गप्प होते:
हे पाणी परवा समुद्र होतं,
कुठेतरी तेल जाळून
गोडं केलेलं.

झुनैरा मात्र
दोन्ही पाय वर उडवून
कोऱ्या घडीवर
ते परत खारं करून टाकते.