दातांचा डबा

जेल रोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी कागद मोजला.
कोपऱ्यावर अंगठा, अंगठ्याखाली नंबर,
नंबर चुकला तर पूर्ण गठ्ठा पुन्हा.
मुद्रांक, तिकिटं, विकासपत्रं.
सरकार कुणाकुणाचं देणं लागतं
त्याचा शाईवास बोटांना यायचा,
लाल साबणानेही जात नसे.
सुटताना गेटवर झडती.
कोरा चिटोरासुद्धा बाहेर यायचा नाही.

पगारातून कापलेला फंड जातो कुठं,
एकदा विचारलं.
अकाउंट्सचा गायधनी बशीत चहा ओतत म्हणाला,
सरकारकडं.
आणि सरकार काय देतं?
कागद. की बाबा, मी देणं लागतो.
कोण, कुणाचं?
सरकारच, सरकारच्याच खात्याचं.
वर दिल्लीत सगळं एकत्र मांडलं
की इकडून तिकडून कटतं. राहतं शून्य.
फुर्रकन बशी संपवली त्यानं.
झोप निवांत. स्वतःचं देणं कधी कुणी बुडवलंय?

उपनगरच्या क्वार्टरात, फळीवर सात डबे.
इंदुमतीनं चिकटपट्टी लावून वर लिहिलेलं:
गॅस. फी. दिवाळी. औषध.
आहेर. छत्री-चपला.
आणि कडेला बोर्नव्हिटाचा जुना डबा, दात.

वीस तारीख उलटली की
गॅस मागायचा फीकडं,
फी मागायची दिवाळीकडं,
आणि सगळेच, शेवटी, त्या कडेच्या डब्याकडं.
नोट निघाली की जागी चिठ्ठी,
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर:
"औषधाने घेतले ऐंशी. आषाढ."
व्याजही लावायची, महिना सव्वा रुपया.
व्याजाला पैसे नसले
तर व्याजाचीही चिठ्ठी.

मी म्हणायचो, अगं, हात तुझाच, डबाही तुझाच,
फिर्याद कोण कुणावर करणार?
ती तोंडावर पदर धरून हसायची.
मला वाटायचं, तशी पद्धत आहे तिची हसायची.

ती गेल्यावर, चौदाव्या दिवशी
मी सगळे डबे सतरंजीवर उपडे केले.
सवय. कोपऱ्यावर अंगठा, एक एक चिठ्ठी,
देणी डावीकडं, येणी उजवीकडं,
तीन वेळा बेरीज, तिन्ही वेळा तीच.
घराचं घराला देणं: शून्य.
गायधनीचं बरोबर होतं.
गठ्ठा बांधायचा आणि गप्प बसायचं.

पण दातांच्या डब्यावर कुणाचंच देणं नव्हतं.
त्याचं नुसतं येणं. सत्तेचाळीस चिठ्ठ्या.
दोन हजार नऊशे साठ, व्याज सोडून.
रोख म्हणावं तर एक चाराणे
आणि शरणपूर रोडच्या डॉक्टरचं कार्ड,
मागं आकडा, पेन्सिलीनं,
दोनदा खोडून वाढवलेला.

शून्य सगळ्यांचं मिळून येतं.
चावायचं मात्र एकेकट्यानं.

फीच्या चिठ्ठ्यांवर आमचा शेखर शिकला,
आहेराच्या चिठ्ठ्यांवर माझ्या बहिणीकडं मान राहिला,
छत्री माझी होती. काळी, लांब दांड्याची,
प्रेसमध्ये विसरून आलो ती.

आज फंडाचं शेवटचं व्याज जमा झालं,
बिटकोच्या बँकेत पासबुक भरून घेतलं.
आकडा पैशापर्यंत बरोबर.
वाटेत अर्धा किलो चिवडा घेतला, नेहमीच्या दुकानातून,
आणि घरी एकटाच बसलो वाटी घेऊन.

चिवड्यातले शेंगदाणे वेचून
ती माझ्या वाटीत टाकायची.
एकतीस वर्षं मी ते मोजले नाहीत.
मला वाटायचं, लाड.