आठ पायांचे दिवे

उम्म जासिमच्या बैठकीत एक अँप्लिफायर आहे,
नवऱ्याने चौसष्ट साली बोटीवरून उतरवून घेतलेला.
वजन एवढं, की टेबलावरून हलवताना
तिचा ड्रायव्हर अल्लाला आणि मी रवळनाथाला
आळीपाळीने हाका मारत होतो.

डावी बाजू घोगरी.
झाकण काढलं, तर एका व्हॉल्वच्या टाळूवरचा
चांदीचा डाग दुधासारखा पांढरा.
म्हणजे काचेला केसभर तडा, आत हवा.
माणूस हवा गेली की जातो,
हा हवा आली की.

“लम्बा,” ती बोट दाखवून म्हणाली.
बाबा दिवा म्हणायचे, कणकवलीच्या दुकानात.

एकच बदलून चालत नाही, हे समजावताना
माझं अरबी संपलं.
जोडी लागते. दोघांतून सारखाच प्रवाह जायला हवा,
नाहीतर एक लाल होऊन जळत राहतो
आणि दुसरा नुसता बसून असतो.
तिने मान हलवली.
एवढं तिला लग्नातून माहीत होतं.

मनामाच्या सूकमध्ये अब्दुलरसूलने
वरच्या फळीवरच्या खोक्यांना फुंकर मारली.
टीव्हीचे निघाले, रेडिओचे निघाले,
एक कशाचा ते त्यालाही सांगता येईना.
“हे मागणारा मागचा माणूस परत आला नाही,” म्हणाला.
त्याला मिळाले की तो मेला, कोण जाणे.

चीनहून जोडी मागवली. दिसायला सख्खे भाऊ.
टेस्टरवर एक बावन्न मिलीअँपिअर, दुसरा एकतीस.
छत्तीसातले नऊ गुणसुद्धा जुळेनात.
रशियाहून आलेली कस्टममधून सुटली,
तेव्हा खोक्यात वाळूसारखी वाजत होती.

मग शुक्रवार, ईसा टाउनचा जुना बाजार.
ऑगस्ट. सकाळी आठलाच पक्कड हातात धरवत नाही.
शाहदोस्त बलुचीच्या गाडीमागे
पत्र्याचा करडा डबा, माइकची दोन भोकं,
बाजूला पुसट हिरवी अक्षरं:
मुहर्रकमधल्या कुठल्याशा मशिदीचं नाव.
स्क्रू काढले.
आत दोघे, शेजारी शेजारी,
धूळ सारखी, काचेवरचा काळेपणा सारखा.
शाहदोस्त म्हणाला, डब्याचे तीन दिनार.
दिव्यांचे नकोत. त्यांनी खूप काम केलंय.

रात्री खोलीतले बाकीचे पाच झोपल्यावर मोजलं.
अडतीस. अडतीस.
पुन्हा मोजलं तेव्हा एक साडेसदतीस भरला
आणि मला बरं वाटलं.
अगदी सारखं असलं की माझा विश्वास बसत नाही.

तिला सांगावं की नाही?
रेकॉर्ड कैरोच्या कुठल्याशा गाणारणीची, 
प्रेमाची, बिछान्याची.
ज्यांतून दिवसाला पाच वेळा बांग गेली
त्यांतून आता हे.
सांगितलं.
खोटं बोलण्याइतकं अरबी मला येत नाही.

ती बराच वेळ त्या दोघांकडे पाहत राहिली.
“कुठली मशीद?”
मी अक्षरं आठवून आठवून नाव जुळवलं.
“म्हणजे पहाटे हेच मला उठवायचे,” ती म्हणाली,
“आणि मी कूस बदलायचे.”

बटण तिनेच दाबलं.
आधी काहीच नाही.
मग तळाशी एक नारिंगी धागा,
मग धूळ जळल्याचा वास,
बाबांच्या शर्टाला संध्याकाळी यायचा तोच.
ड्रायव्हर दाराशी येऊन उभा राहिला.
तिच्या हातात सुई, रेकॉर्डच्या वर बोटभर.

“थांबा,” मी म्हणालो, “तापू दे अजून जरा.”

मराठीत म्हणालो.
ती थांबली.