काटा कोणाचा

फिनमार्कच्या त्या बंदरातून सूर्य
नोव्हेंबरअखेर जातो, तो जानेवारीतच उगवतो.
मासळीच्या कारखान्यात दिवे जळत राहतात
आणि दिव्यांखाली, काट्यापाशी, राग्नफ्रीद.
एकोणीस वर्षं.

बोट लागते. कॉड उतरतो.
बर्फाचं वजन वजा करायचं असतं.
किती, ते तिच्या मनगटाला कळतं,
सिस्टीमला कळतात फक्त बारा टक्के.

बारा कुणी ठरवले?
ट्रोम्सोचे आयटीवाले म्हणाले, आम्ही चौकट बांधली,
आकडा धंद्याचा.
धंदा म्हणाला, आकडा पडद्यावर दिसतो,
पडदा कोणाचा?

त्या रात्री आयलर्ट तांडेलाचा
तीनशे चाळीस किलो मासा
कागदावर बर्फ होऊन वितळला.
त्याने टेबलावर मूठ आपटली नाही.
टोपी काढली, पुन्हा घातली,
आणि पुढची खेप शेजारच्या बंदरात उतरवली.

मग बैठक.
फळ्यावर डावीकडे कामं: उतरवणं, वजन, प्रतवारी, पैसे.
उजवीकडे यंत्रणा, त्यांची लांबलचक नावं.
दोन्हीकडे मालक लिहिलेले, पगारी, सुवाच्य,
आणि मधे पांढरा फळा.
ट्रोम्सोहून आलेला औदुन म्हणाला, समन्वय समिती नेमू.
कुणीतरी कॉफी ओतली.

शिवनेसन, पॅकिंगचा मुकादम,
जाफना सोडून पस्तीस वर्षं झालेला,
सहसा बैठकीत बोलत नाही.
म्हणाला, आमच्या गावी एका विहिरीला दोन मालक होते.
पाणी दोघंही भरायचे.
दोर कुणीच बदलला नाही.

कुणी हसलं नाही.
राग्नफ्रीद उठली, हाताला खवल्यांचा वास,
पेन घेऊन 'वजन'पासून थेट पलीकडे
रेघ ओढली, जरा वाकडीच.
वजन माझं, तर बाराही माझे.
औदुन, कोड तू लिही,
पण मला विचारल्याशिवाय एक अक्षर हलवायचं नाही.
आणि चुकलं, तर मला उठवायचं.

पगार वाढला का?
नाही. एक फोन मिळाला.

फेब्रुवारी. पहाटे सव्वातीन.
उशाशी तो फोन थरथरतो.
नवरा कूस बदलतो, कोण गं?
काटा, ती म्हणते,
आणि अंधारात चाचपत
एक बूट शोधते, मग दुसरा.