काळ्या कापडाखालची वीस पानं

सेगेद, फेब्रुवारी. टिसा नदीवर धुकं इतकं
की पलीकडे काठ आहे हे कळतं
ते फक्त कुत्रं भुंकल्यावर.
तळघरातल्या प्रयोगशाळेत एमॉके वारगा
पालकाची पानं पाण्यावर सोडते,
वीस या बशीत, वीस त्या,
आणि दोन्हींत टाकते तोच गुलाबी थेंब.
रोझ बेंगॉल. नावात बंगाल,
बाटलीवर शिक्का बुडापेस्टच्या दुकानाचा.

एक बशी काळ्या कापडाखाली.
एक दिव्याखाली.

अंधारात तो नुसता रंग,
लग्नात कुणी न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखा गप्प.
उजेड पडला की अंगात येतं त्याच्या.
घेतलेलं पेलवत नाही,
म्हणून शेजारच्या प्राणवायूच्या हातात ठेवून
मोकळा होतो.
आणि तो प्राणवायू, एरवीचा साधा,
सेकंदाच्या काही लाखांशांपुरता पिसाटतो,
पहिलं जे भेटेल त्याला चावतो.

साडेदहाला ती यंत्र पानावर टेकवते.
कापडाखालचं : शून्य दशांश आठ दोन.
दिव्याखालचं : शून्य दशांश तीन एक.
पान मात्र अजून हिरवंगार.
हे तिला दर वेळी खटकतं.

आईच्या कोरड्या डोळ्यात डॉक्टरांनी
हाच रंग घातला होता,
ओरखडे गुलाबी उमटले.
झोंबतंय, आई म्हणाली, दिवा आधी बाजूला करा.
चाळीस वर्षं काचघरात मिरचीची रोपं लावलेली बाई.

बोटोंड नवीन आहे, विचारतो,
म्हणजे रंग घातलाच नाही तर पान सुखरूप?
एमॉके हसते.
अरे, हिरवा हाही रंगच.
ऊन जास्त झालं की तोही हेच करतो,
घरचा भेदी.
पान रोज तुटतं आणि रोज आतल्या आत
मोडलेली फळी काढून नवी बसवतं;
पिवळी द्रव्यं पहाऱ्याला उभी असतात.
आपण फक्त
दुरुस्तीपेक्षा मोडणं वेगात नेलं.

बोटोंड वहीत काहीतरी लिहितो, खोडतो.

रात्री आवरताना
कापडाखालची वीस पानंही कचऱ्यातच जायची होती.
तरी तिनं आधी खोलीतला दिवा घालवला,
मग चाचपडत
कापड उचललं.