मला गेले

ब्रनो शहरात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर
वोंद्राउश आजोबा मला चेक शिकवतात, दर गुरुवारी.
पैसे घेत नाहीत. बल्ब बदलून घेतात,
किंवा वरच्या फळीवरचं काहीतरी.

आज वही नेली नाही, कंपनीचं पत्र नेलं.
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं.
'यात तू कुठेच नाहीस,' म्हणाले.
'जागा रद्द करण्यात येत आहे. जागा, बघ.
तू नुसती तिच्यात बसलेली सापडलीस.'

मी म्हटलं, आमच्याकडे नारळ देतात.
'खायचा?'
हो. हातात देतात आणि दार दाखवतात.
ते बराच वेळ हसले. निदान खायला तरी, म्हणाले,
आणि चिठोऱ्यावर लिहून घेतलं: ना-रळ.
मग मी उचलबांगडी सांगितली, हातवारे करून,
दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय.
अर्धचंद्र सांगितला, मानेवर पंजा कसा बसतो ते.
गच्छंती सांगितली. संस्कृतात नुसतं 'ते जातात',
आपल्या पायांनी, कुणी न ढकलता.

ते एकदम सरसावून बसले.
'म्हणजे तुमच्याकडेही झालंय हे.
जाणाऱ्यांचं क्रियापद कुणीतरी पळवलंय.'

आणि शिकवलं ते वाक्य, जे माझ्या पुस्तकात नाही:
मी गेलो नाही. त्यांनी मला गेले.
व्याकरण मोडतं? मोडू दे.
सत्तर सालच्या वसंतात अर्धं शहर असं बोलायचं,
हळू, पावाच्या रांगेत.
तुमच्या भावाला गेले का?
गेले.
आणि वहिनीला?
अजून नाही.

त्यांना गेले तेव्हा ते खडक शिकवत.
पाटीचे दोन स्क्रू, पाच मिनिटांचं काम.
मग शिडी, बादली, आणि विद्यापीठाच्याच खिडक्या.
'प्रागमध्ये पूर्वी माणसं खिडकीतून बाहेर फेकत.
त्याला खास शब्द आहे, शाळेत पाठ करून घेतात.
मला थेट बाहेरूनच लावलं खिडकीला. काटकसर.'

आत, त्यांच्या खुर्चीत, त्यांचाच विद्यार्थी क्वेतोस्लाव,
एकोणीस वर्षं मान वर न करता.
फक्त वर्षातून दोनदा, काचा पुसायच्या दिवशी,
कडी निघालेली असायची
आणि चौकटीत, आतल्या बाजूला, एक दगड.
त्यांच्याच संग्रहातला. त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट.
कधी गार्नेट, कधी नुसता नदीतला गोटा.
ते बादलीत टाकायचे. पाण्यात आवाज व्हायचा.
एकोणचाळीस झाले.
चाळिसाव्याच्या आधी सरकारलाच गेले.

क्वेतोस्लावने कधी माफी मागितली नाही,
यांनी आभार मानले नाहीत.
पुढे एकदा ट्राममध्ये समोरासमोर आले,
हवेबद्दल बोलले.
'याचं क्रियापद मला अजून सापडलेलं नाही.'

मला सांगायचं होतं, आमच्यात एक आहे, काढणे.
नोकरीवरून काढतात, बादलीतून दगड काढतात,
एकोणीस वर्षं काढतात,
आणि आठवण, तीही काढतातच.
पण माझं चेक तिथवर पोचेना.
त्यांना वाटलं, मी बरणी काढू का विचारतेय.
बोट वर केलं: हो, ती, डावीकडची.

मी स्टुलावर चढले.
जर्दाळूचा मुरंबा, झाकणावर तिरकी तारीख,
त्यांची नव्हे, बाईचं अक्षर.
'ज्दिस्लावा,' ते म्हणाले. 'ती गेली.
हे मात्र पुस्तकातल्यासारखं. अकर्मक.'

झाकण निघेना. त्यांनी सुरीच्या मुठीने कडेकडेने ठोकलं,
खडक ठोकतात तसं, कान लावून.
मग दोन चमचे आणले,
आणि टेबलावर डाग नको म्हणून
माझं पत्र चार घड्या करून
बरणीखाली सारलं.