बारा चिमटे

सकाळी सात वाजता खारकर आळीत
एकच शटर निळं होतं,
धान्याच्या पेढीचं, कुलूप लावलेलं.
फ्लेवियन म्हणाला, इथंच.
या निळ्यापुढे मोहरी रंग बोलेल.

मोहरी रंगाचा कोट
राम मारुती रोडवरच्या दुकानातून उसना आणलेला,
संध्याकाळी परत करायचा,
म्हणून किमतीची चिठ्ठी तशीच, कॉलरच्या आत खोचलेली.
बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी,
ठाण्याची धूळ लागू नये म्हणून.
बूटही दोन नंबर मोठे.
पुढे कालचा पेपर कोंबलाय,
त्यात पाणी येणार नसल्याची बातमी,
तिच्या अंगठ्याला टोचणारी.

कोटात ईशाना हरवलीच.
फ्लेवियननं पाठीमागून कापड मुठीत धरलं
आणि दुसरा हात माझ्याकडे केला. क्लिपा.
क्लिपा कळव्याला, माझ्या घरी,
टीव्हीवरच्या डब्यात.
मी मान वर केली.

पहिल्या मजल्यावर टिपणीसबाई
परकर झटकत होत्या.
किती हवेत?
असतील तेवढे.
बारा देते. मोजून देतेय, मोजून घेईन.
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत
चिमटे दोरीनं हळूहळू खाली आले,
लाल, पोपटी, एकाचा जबडा ढिला.

माझं काम रिफ्लेक्टर धरायचं.
महागिरीकडून येणारं कोवळं ऊन
चंदेरी ताटात झेलायचं
आणि तिच्या हनुवटीखाली वाढायचं.
हात भरून येतात. खाज सुटते नेमकी नाकाला.
फोटो समोरून निघतो,
मी कडेला असते,
म्हणून मला दोन्ही दिसतं:
पुढे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतरलेली घडी,
मागे मणक्यावरून
एकाखाली एक बारा चिमटे,
जशी काही तिलाच वाळत घातलीय.

अशी बघ, फ्लेवियन म्हणतो,
जशी तुझी बस चुकलीय
आणि तुला त्याचं काहीच नाही.
ईशाना तशी बघते.
तिची बस खरंच आहे, नऊची,
कासारवडवलीला दातांच्या दवाखान्यात
ती पेशंटांची नावं लिहून घेते,
आणि चुकली तर तिला त्याचं बरंच काही आहे.

मग झाडूवाल्या बाई आल्या.
केशरी जाकीट, चमकत्या पट्ट्या,
केसात कालची अबोली.
थांबल्या जरा. आमच्याकडे पाहिलं, शटरकडे पाहिलं,
ते रोजचंच होतं.
म्हणाल्या, अख्खी गल्ली झाली,
तुमच्या पायाखालचं तेवढं राहिलंय.
ईशानानं एक पाय उचलला, मग दुसरा,
बूट सुटला, तोल गेला,
ती हसत गर्रकन वळली
आणि फ्लेवियनचं बोट पडलं बटणावर.

तोच फोटो चांगला आलाय.
पाठ, चिमटे, झाडूचा फराटा,
कोंबलेला पेपर बाहेर डोकावतोय.
दुकानाला दुसरा पाठवला.

परत देताना अकरा भरले.
आम्ही शोधलं, शटरखाली, गटाराच्या जाळीत,
फ्लेवियननं स्वतःचे खिसे उलटे केले.
वरून आवाज आला, अकरा.
दुसरं काही नाही, फक्त आकडा.

रात्री दुकानदाराचा फोन.
कोटाच्या अस्तरात पोपटी चिमटा सापडला,
हे डिझाइनमधलं आहे का?

रविवारी मी एकटीच गेले,
चिमटा मुठीत. शटर उघडं होतं,
निळा रंग वर गुंडाळून गेलेला,
खाली नुसती पोती आणि तागाचा वास.
दोरी खाली आली.
चिमटा पिशवीत टाकला, दोरी वर गेली,
मी निघाले तर म्हणाल्या, थांब.
कुर्ता चांगलाय. घरी शिवलास?
मी म्हटलं, हो.
वळ बघू.
मागून दाखव.